पीएसए पुन्हा चढतोय : स्कॅन कधी, कोणता, आणि कोरा आला तर?

पत्र : माझे बाबा ६९ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली. ग्लीसन (पेशी किती आक्रमक ते सांगणारी श्रेणी) ४+३, काढलेल्या भागाच्या कडेला एका जागी कॅन्सर पोचलेला होता, काढलेल्या लसिकागाठी (लिम्फ नोड) मात्र स्वच्छ होत्या. दोन वर्षं पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) ०.१ च्या खाली होता. मग दर तीन महिन्यांनी ०.११, ०.१६, ०.२४ आणि आता ०.३४. यूरोलॉजिस्ट पीएसएमए पेट स्कॅन करा म्हणतात. मामांचं म्हणणं, आधी बोन स्कॅन करा, स्वस्तात होतो. शेजारच्या काकांना अशा वेळी लगेच हॉर्मोनचं इंजेक्शन दिलं होतं, तेही तेच सुचवतात. बाबांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.५. तरुणपणी छातीचा क्षयरोग होऊन बरा झालेला. खोकलं-शिंकलं की लघवी थोडी गळते, म्हणून पॅड वापरतात. घरात दोन वर्षांचा नातू आहे. स्कॅन आत्ता करावा का? स्वच्छ आला तर निर्धास्त व्हावं का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

ताई,

चारही आकडे तुम्ही क्रमाने दिलेत, हे फार बरं झालं. निम्मं उत्तर त्यांच्यातच आहे.

ग्रंथी पूर्ण काढल्यावर पीएसए तयार करणारं शरीरात काही उरायला नको. रक्तातला जुना पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो, त्यामुळे ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांत तो ०.१ च्या खाली जातो आणि तिथेच राहायला हवा. तो पुन्हा ०.२ किंवा त्यावर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही वरच निघाला, तर कुठेतरी पेशी पुन्हा जाग्या झाल्या असं धरतात. बाबांचा ०.२४ आणि मग ०.३४ म्हणजे ही अट पुरी झाली. मात्र चारही तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने झाल्यात ना, ते पाहून घ्या. लॅब बदलली की ०.०५ चा फरक नुसत्या यंत्रामुळेही पडू शकतो, आणि एवढ्या लहान आकड्यांत तेवढ्याने चित्र बदलतं. बाबा केसांसाठी किंवा ताकदीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर तेही लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे पीएसए खोटाच कमी दिसतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा त्याचा वेग. ०.११ वरून ०.३४ व्हायला नऊ महिने लागले, म्हणजे पीएसए साधारण साडेपाच महिन्यांत दुप्पट होतोय. दुप्पट व्हायला वर्षापेक्षा कमी वेळ लागत असेल तर तो आजार चपळ मानतात. म्हणून 'अजून सहा महिने बघू' हा सल्ला बाबांच्या बाबतीत आम्हाला पटत नाही. घाबरून जायचं कारण नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत निर्णय व्हायला हवा.

मामांचा बोन स्कॅन. तो वाईट नाही, फक्त या टप्प्यावर तो काही सांगत नाही. हाडांनी आजाराला दिलेली प्रतिक्रिया त्यात दिसते, पेशी दिसत नाहीत. ऑपरेशननंतर वाढलेला पीएसए ७ च्या आत असताना बोन स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी असते. बाबांचा पीएसए आहे ०.३४. स्कॅन स्वच्छ येणार, घरात पेढे वाटले जाणार, आणि आजार होता तिथेच राहणार. स्वस्त तपासणी अशी महाग पडते.

पीएसएमए पेट-सीटीचं तत्त्वच वेगळं. प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं एक प्रथिन असतं, आणि कॅन्सरच्या पेशींवर ते सहसा कितीतरी पट जास्त असतं. त्याला चिकटणारा एक रेणू किरणोत्सारी अणूला जोडून शिरेतून देतात, तासाभराने पेटचं यंत्र तो कुठे गोळा झाला ते टिपतं, आणि त्याच टेबलावर काढलेल्या सीटीवर ते चित्र बसवतात. त्यामुळे चार-पाच मिलिमीटरची गाठही कधी कधी सापडते. नुसत्या सीटीत ती आकाराने सर्वसाधारण म्हणून सुटून गेली असती.

पण 'कधी कधी' हा शब्द नीट लक्षात घ्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ६३५ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात पीएसए ०.५ च्या आत असताना ३८ टक्के लोकांमध्ये काही सापडलं. ०.५ ते १ च्या दरम्यान ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४ टक्के आणि ५ च्या वर ९७ टक्के. बाबा पहिल्या गटात आहेत. म्हणजे स्कॅन कोरा येण्याचीच शक्यता जास्त. हे आधीच कळलेलं असलं की रिपोर्ट हाती आल्यावर कुणी नाचणार नाही आणि पैसे पाण्यात गेले म्हणून चिडणारही नाही.

मग साहजिकच वाटतं, पीएसए १ पर्यंत जाऊ द्यावा, म्हणजे चित्र नक्की मिळेल. हा सौदा तोट्याचा आहे. ग्रंथी काढल्यानंतर उरलेला आजार मुळापासून संपवण्याची संधी मुख्यतः ग्रंथीच्या जागेवर, म्हणजे प्रोस्टेट बेडवर, दिलेल्या रेडिएशनमध्ये असते, आणि ते पीएसए कमी असतानाच जास्त लागू पडतं. २०१२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की रेडिएशन सुरू करताना पीएसए जितका जास्त, तितका फायदा कमी : दर ०.१ मागे आजारमुक्त राहण्याची शक्यता सरासरी २.६ टक्क्यांनी घटते. म्हणून ०.५ च्या आत सुरुवात करावी असं सांगतात, त्याच्याही आधी झाली तर उत्तम. बाबांच्या वेगाने ०.५ गाठायला तीनेक महिनेच उरलेत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच येतं. स्कॅन स्वच्छ आला तर निर्धास्त होऊ नका. कोऱ्या स्कॅनचा अर्थ एवढाच की जे काही आहे ते यंत्राला दिसण्याइतकं मोठं झालेलं नाही. पीएसए कुठून तरी येतोच आहे. युरोपियन यूरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून रेडिएशन लांबवू नये. बाबांच्या बाबतीत कडेला कॅन्सर पोचलेला होता आणि गाठी स्वच्छ होत्या, म्हणजे उरलेला आजार ग्रंथीच्या जागीच असण्याकडे कौल झुकतो, आणि अशा लोकांना कोऱ्या स्कॅननंतरच्या रेडिएशनचा चांगला उपयोग होतो.

मग स्कॅन करायचाच कशाला? कारण दिसलं तर बेत बदलतो. कटीच्या भागातल्या एखाद्या लसिकागाठीत सापडलं तर रेडिएशनचं क्षेत्र वाढवून तिथपर्यंत नेतात. दूर हाडात एक-दोन ठिपके निघाले तर त्यांच्यावर नेमकं रेडिएशन आणि सोबत औषधं, असा विचार होतो. अनेक ठिकाणी निघालं तर नुसत्या बेडवर सहा-सात आठवडे रेडिएशन घेऊन आतड्याला आणि मूत्राशयाला त्रास देण्यात अर्थ राहत नाही. म्हणून स्कॅन आत्ता करा, पण त्याआधीच रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टकडे नंबर लावून ठेवा. बहुतेक घरं स्कॅन, मग रिपोर्ट, मग यूरोलॉजिस्ट, मग पुढचा डॉक्टर अशी एकेक पायरी चढतात आणि त्यात दोन महिने जातात. ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

शेजारच्या काकांच्या इंजेक्शनबद्दल थोडं सावध राहा. पुरुष हॉर्मोन (टेस्टोस्टेरॉन) दाबणारी औषधं बाबांना लागतीलही. पीएसए इतक्या वेगाने वाढत असताना रेडिएशनच्या जोडीला सहा महिने किंवा जास्त काळ ती देण्याचा विचार होतो. पण ती स्कॅनच्या आधी नकोत. इंजेक्शननंतर पीएसए उतरतो, पेशींवरचं पीएसएमएही बदलतं आणि छोटे ठिपके दिसेनासे होऊ शकतात. आधीच अवघड असलेला शोध आणखी अवघड कशाला करायचा? आधी स्कॅन, मग इंजेक्शन, हा क्रम यूरोलॉजिस्टकडून स्पष्ट वदवून घ्या.

आता नंबर लावताना काय विचारायचं. पहिली गोष्ट, कोणता ट्रेसर, म्हणजे शिरेतून द्यायचा तो किरणोत्सारी पदार्थ. 'पेट स्कॅन' एवढंच म्हणालात तर काउंटरवरचा माणूस साखरेच्या ट्रेसरचा, म्हणजे एफडीजीचा स्कॅन लिहून घेऊ शकतो. कॅन्सरसाठी सर्वांत जास्त तोच होतो. प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या आजारात त्याचा फारसा उपयोग नाही. चिठ्ठीवर आणि पावतीवर 'पीएसएमए' हा शब्द असलाच पाहिजे.

पीएसएमएमध्येही किरणोत्सारी अणूप्रमाणे मुख्य दोन घराणी आहेत. गॅलियम-६८ केंद्रातल्याच 'जनरेटर' नावाच्या छोट्या उपकरणातून काढतात, आणि ते ६८ मिनिटांत निम्मं होतं. एफ-१८ सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं, ११० मिनिटांत निम्मं होतं, आणि गाडीने दुसऱ्या गावी नेता येतं. अहमदाबादेहून एक्सप्रेस वेने बडोद्याला येईपर्यंत त्यातलं जवळपास निम्मं संपलेलं असतं, म्हणून तेवढं जादा धरूनच ते पाठवावं लागतं. यावरून वेळेचं महत्त्व कळेल. साडेनऊची वेळ दिली असेल तर अकराला पोचून 'ट्रॅफिक होतं' म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या नावाचा डोस तोवर कमजोर झालेला असतो. उलटही होतं : त्या दिवशीची बॅच गुणवत्तेच्या चाचणीत नापास झाली तर सगळ्यांचे नंबर पुढे जातात. म्हणून घरून निघण्याआधी केंद्रावर फोन करा. अहमदाबाद किंवा मुंबईला जाणार असाल तर हा फोन अगदी चुकवू नका.

कोणतं चांगलं? गॅलियमचं पीएसएमए-११ मूत्रपिंडातून लघवीत उतरतं, म्हणून मूत्राशय चित्रात लख्ख चमकतो. नेमकी त्याच्याच खाली, मूत्राशय आणि मूत्रनलिका जिथे शिवलेली असते तिथे, कॅन्सर परतण्याची सर्वांत नेहमीची जागा. मोठ्या दिव्याशेजारी ठेवलेली पणती दिसू नये तसं तिथलं छोटं काही झाकलं जातं. एफ-१८ च्या पीएसएमए-१००७ चा निचरा जास्त करून यकृतातून होतो, त्यामुळे ती जागा स्वच्छ दिसते, पण बरगड्यांत अर्थ नसलेले ठिपके त्यात जास्त उमटतात. जे केंद्र नियमित करतं आणि जिथले न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर या स्कॅनना सरावलेले आहेत ते निवडा. ट्रेसरच्या नावापेक्षा वाचणारे डोळे महत्त्वाचे. गॅलियमने करून बेडवर शंका उरली तर तेवढ्या भागाचा एमआरआय जोडीला घेता येतो.

तयारीचं सांगतो. एफडीजीसारखा कडक उपास आणि साखरेची धास्ती इथे नाही, कारण हा ट्रेसर साखरेवर चालत नाही. मधुमेहाच्या माणसाला सकाळी रिकाम्या पोटी बसवून साखर खाली आणण्याची चूक घरचेच करतात. मात्र सीटीसाठी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) देणार असतील तर काही केंद्रं चार तास पोट रिकामं मागतात, म्हणून ते आधी विचारा आणि त्याप्रमाणे गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कॉन्ट्रास्टचा प्रश्न बाबांसाठी खरा आहे. पीएसएमएच्या इंजेक्शनाचा मूत्रपिंडाला धोका नाही, पण सीटीच्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिन बघावंच लागतं. ६९ व्या वर्षी १.५ म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता) पन्नासच्या आसपास. एवढ्यावर सहसा कॉन्ट्रास्ट देतात आणि मेटफॉर्मिनही चालू ठेवतात, पण प्रत्येक केंद्राचा नियम निराळा. ताजा रिपोर्ट सोबत न्या. मनानेच गोळी बंद करू नका. नको वाटलं तर कॉन्ट्रास्टशिवायही हा स्कॅन होतो.

इंजेक्शनच्या आधीच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी पाजा. इंजेक्शननंतर तासभर शांत बसायचं, पुन्हा पाणी, आणि टेबलावर जाण्याआधी लघवी पूर्ण करून यायची. काही ठिकाणी लघवी होण्यासाठी फ्युरोसेमाइडही देतात. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये आधीच ते असेल तर सांगा. स्कॅन स्वतः वीस-तीस मिनिटांचा.

आणि पॅड. हे फार थोडे लोक सांगतात. इंजेक्शननंतरची लघवी स्वतःच किरणोत्सारी असते. ती पॅडवर, चड्डीवर किंवा मांडीवर लागली की चित्रात तिथे ठिपका उमटतो, आणि तो नेमका शंकेच्या जागेजवळ असतो. बाबांबरोबर तीन-चार कोरे पॅड, एक जादा पायजमा आणि ओल्या टिश्यूचं पाकीट द्या. टेबलावर चढण्याच्या अगदी आधी पॅड बदलायचा, त्वचा पुसून घ्यायची, आणि लघवी गळते हे तंत्रज्ञाला मोकळेपणी सांगायचं. बाबा लाजून बोलणार नाहीत, म्हणून तुम्ही चिठ्ठीवरच लिहून ठेवा. वापरलेला पॅड केंद्रातल्याच डब्यात टाकायचा, घरी आणायचा नाही.

नातवाची काळजी एका दिवसापुरती. गॅलियम असेल तर सात तासांत दोन टक्क्यांहूनही कमी उरतं, एफ-१८ असेल तर अकरा तास धरा. त्या दिवशी मांडीवर घेणं आणि शेजारी झोपवणं टाळा. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही तेवढा वेळ अंतर ठेवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नेहमीसारखं.

सोबत न्यायचे कागद : ऑपरेशनचा हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीचा) रिपोर्ट, पीएसएचे सगळे आकडे तारखेसह, औषधांची यादी, जुने सीटी-एमआरआय. आणि एका वेगळ्या ओळीत ठळक अक्षरांत 'पूर्वी छातीचा क्षयरोग'. पीएसएमए हे नाव प्रोस्टेटचं असलं तरी ते फक्त तिथेच सापडत नाही. क्षयरोगाच्या गाठी, सारकॉइड, भरून येणारं फ्रॅक्चर, पॅजेटचा आजार, मणक्यातला हेमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), थायरॉइडची गाठ, सगळे थोडेफार चमकू शकतात. पोटाच्या मागच्या बाजूला मज्जातंतूंच्या गाठी तर निरोगी माणसातही चमकतात आणि नवख्या डोळ्यांना लिम्फ नोड वाटतात. मूत्रवाहिनीत अडकलेला लघवीचा थेंबही तसाच फसवतो. बाबांच्या छातीत फुप्फुसाजवळची गाठ फिकट उजळली आणि वाचणाऱ्याला क्षयरोग माहीत नसला, तर रिपोर्टमध्ये 'दूरवर पसरला' असं लिहिलं जाऊ शकतं, आणि मग सगळा उपचारच चुकीच्या दिशेला जातो.

रिपोर्ट आला की आधी 'एसयूव्ही'चा, म्हणजे ठिपका किती चमकतो त्याचा, आकडा शोधू नका. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं सरळ गणित नाही. बघायचं ते तीन ठिकाणी काय लिहिलंय : ग्रंथीची जागा, कटीतल्या गाठी, आणि हाडं व इतर अवयव. प्रत्येक ठिपक्याखाली सीटीमध्ये काही बदल दिसतो का, हेही लिहिलेलं असायला हवं. एकट्या बरगडीवरचा फिकट ठिपका आणि सीटीत तिथे काहीच नाही, असं असेल तर तेवढ्यावरून हाडात पसरला असं मानू नका. असे बरेच ठिपके पुढे निरुपद्रवी ठरतात. डॉक्टर तिथे एमआरआय, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन किंवा क्वचित सुईने तुकडा तपासायला सांगतील. उलट बाजूही आहे : प्रोस्टेट कॅन्सरच्या साधारण दहातल्या एका रुग्णात पेशींवर पीएसएमए फारसं नसतंच. तिथे स्कॅन कोरा राहतो आणि पीएसए चढतच राहतो.

छापील रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या, आणि ती घरी आल्यावर उघडते का ते त्याच दिवशी बघा. मुंबईला दुसरं मत घ्यायचं झालं तर तिथले डॉक्टर कागदावर नव्हे, मूळ चित्रांवर बोलतात. रेडिएशनचा आराखडा आखतानाही तीच लागतात.

पैशाचं म्हणाल तर बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी नुसत्या तपासणीचे पैसे देत नाहीत. पण पुढे रेडिएशनचा क्लेम मंजूर झाला तर त्याच्या आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या संबंधित तपासण्या त्यात बसू शकतात. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, पावती, रिपोर्ट हे तिन्ही एकाच नावाने आणि स्पेलिंगने आहेत ना, ते बघा. आयुष्मान कार्ड असेल तर ज्या रुग्णालयात रेडिएशन होणार तिथल्या मदत खिडकीवर स्कॅनच्या आधी विचारा. आधी खर्च करून मग मागायला गेलात तर फार क्वचित काही हाती लागतं.

ज्यांच्या घरी ऑपरेशन न करता रेडिएशनच झालं आहे त्यांनी वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. ग्रंथी जागेवरच असल्याने त्यांचा पीएसए शून्याजवळ जातोच असं नाही. गाठलेल्या सर्वांत खालच्या आकड्यावर २ ची वाढ झाली की आजार परतला असं धरतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत एखादी तात्पुरती उसळी येऊन आपोआप उतरतेही.

बाबांचं रेडिएशन झाल्यावर पहिला पीएसए साधारण तीन महिन्यांनी करतात. सोबत हॉर्मोनची औषधं चालू असतील तर तो अगदी खाली दिसेल, पण त्यात औषधाचाही वाटा असतो. म्हणून औषध थांबल्यावर पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्या. ते पूर्ववत झाल्यानंतरही पीएसए खाली राहिला, तर तो आकडा खरा.